दुसरीचं मूल पोटात वाढवताना

मुंबईतल्या 50 सरोगेट मातांचा केम्ब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःच्या बाळाची वाट पाहणाऱ्या गरोदर बायकांशी त्यांची तुलना केली होती. सरोगेट बायका पोटातल्या बाळाशी कमी बोलत, त्याच्यात कमी गुंतत. खाण्यापिण्याची पथ्यं मात्र त्याच जास्त काटेकोरपणे पाळत. जीव लावायचा नाही, पण जिवापाड जपायचं, असं हे नऊ महिन्यांचं काम. त्यांच्यात नैराश्यही जास्त आढळलं. पण बाळ देऊन टाकावं लागलं, हे त्याचं कारण निघालं नाही. गरोदरपणात आधार नसणं, सगळं लपवून ठेवावं लागणं आणि ‘असलं काम केलंस’ म्हणून बोल ऐकावे लागणं, यांनी त्या खचत होत्या.

मग त्या हे का पत्करतात?

पहिलं उत्तर पैशांचं, आणि ते आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. व्यापारी सरोगसी जोरात होती त्या काळात गुजरातमधल्या आणंदला एका बाळंतपणाचे साधारण तीन ते चार लाख रुपये मिळत. समाजशास्त्रज्ञ अमृता पांडे यांनी तिथे अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांना भेटलेल्या बहुतेक बायकांच्या घरी एवढी रक्कम जमायला चार-पाच वर्षं लागली असती. घराचं छप्पर, मुलीचं लग्न, नवऱ्याचं आजारपण, डोक्यावरचं कर्ज हे खर्च त्यात ठरलेले. बंगळुरूत शर्मिला रुद्रप्पा यांना भेटलेल्या अनेक जणी कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या होत्या. दिवसभर मशीनवर बसून सुपरवायझरची बोलणी खाण्यापेक्षा हे काम त्यांना जास्त मानाचं वाटत होतं. मूल जन्माला घालण्यातून काही तरी उभं राहतं, असं त्या सांगत.

हे समजून घ्यायला आणंद किंवा बंगळुरूलाच जायला हवं असं नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पुणतांबा गावाच्या आसपासचा गोदाकाठ हा उसाचा पट्टा आहे. दिवाळी झाली की बीड, पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या इकडच्या कारखान्यांवर येतात आणि शेताच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत दोघांनीही राबायचं. बाई पहाटे उठून भाकरी थापते, अंधारातच फडात जाते, ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत भरते. खाडा झाला की दंड. पाळीच्या दिवसांत पोट दुखलं, अंगावरून जास्त गेलं, तरी सुट्टी नाही. यातूनच गर्भाशय काढून टाकण्याची वाट पडली. ओरड झाल्यावर 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं.

ज्या अर्थव्यवस्थेत मजुरी बुडू नये म्हणून बाई गर्भाशय काढून टाकते, तिथे दुसरी एखादी त्याच गर्भाशयावर घर उभं करू पाहते, याचं नवल का वाटावं? तिच्यापुढे दुसरी कोणती कामं होती, हे पाहिल्याशिवाय तिचा निर्णय तोलता येत नाही. तिला फसवली गेलेली समजणं जितकं चूक, तितकंच तिला मुक्त निवडीचा आदर्श ठरवणंही. कर्ज घरादाराला कुठवर नेतं, हे पुणतांब्याला सांगायची गरज नाही. कर्जमाफी मागणारा 1 जून 2017 चा शेतकरी संप याच गावातून पेटला.

आणि सरोगेट मातेचं हे काम सोपं नसतं. गर्भ प्रयोगशाळेत तयार होतो, त्याआधी तिच्या गर्भाशयाचं अस्तर जाड व्हावं म्हणून गोळ्या सुरू होतात. मग प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं. हे औषध तेलातलं, दाट. कमरेखाली रोज टोचून गाठी धरतात, बसताना कळ येते, गरम पाण्याच्या पिशवीने शेकत राहावं लागतं. गर्भ राहिला तरी पुढचे कित्येक आठवडे हे चालूच. व्यापारी सरोगसीच्या काळात पुष्कळदा जुळी, पुष्कळदा सिझेरियन. 2012 मध्ये अहमदाबादेत एका सरोगेट मातेचा मृत्यूही झाला.

मराठीत या विषयाला मोठा प्रेक्षक मिळवून दिला तो ‘मला आई व्हायचंय!’ या चित्रपटाने. वकिलीत समोर आलेल्या प्रकरणावरून समृद्धी पोरे यांनी तो केला. 2010 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. परदेशी बाईसाठी मूल वाढवणारी खेड्यातली यशोदा आणि तिच्याकडेच राहिलेलं ते मूल, ही त्याची गोष्ट. प्रेक्षक यशोदेच्या मायेने हेलावले. पण मूल सुखरूप सोपवून घरी परतलेल्या आणि गावात ‘मुंबईला कामाला गेले होते’ एवढंच सांगणाऱ्या बाईची गोष्ट अजून पडद्यावर यायची आहे.

पैशांखेरीज दुसरं कारण असूच शकत नाही, असंही नाही. ब्रिटनमध्ये वासंती जादवा आणि सहकाऱ्यांनी 34 सरोगेट मातांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा 31 जणींनी मूल नसलेल्या जोडप्याला मदत करायची होती, असं सांगितलं. पैसे हे कारण एकीनेच दिलं. आपल्याकडेही जावेची कूस उजवली नाही म्हणून आपलं मूल तिच्या ओटीत घालणाऱ्या बायका घराघरांतून होऊन गेल्या. 2004 मध्ये आणंदला एका आईने ब्रिटनमध्ये राहणाऱ्या लेकीसाठी जुळी मुलं जन्माला घातली. तिथला पुढचा सारा व्यवसाय त्या नात्याच्या पावलावर वाढला. पुण्यात तर आयांनी गर्भाशयच दिलं. डॉ. शैलेश पुणतांबेकर यांनी मे 2017 मध्ये गॅलेक्सी केअर रुग्णालयात देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. सोलापूरच्या तरुणीला तिच्या आईचं गर्भाशय मिळालं. ऑक्टोबर 2018 मध्ये त्याच रुग्णालयात गुजरातच्या एका महिलेला मुलगी झाली. ती महिला स्वतः ज्या गर्भाशयातून जन्मली होती, त्यातच तिची मुलगी वाढली.

सरोगसी (नियमन) कायदा 2021 ने या मायेवरच सगळा भार टाकला आहे. जानेवारी 2022 पासून पैसे घेऊन सरोगसी हा गुन्हा आहे. सरोगेट बाई विवाहित किंवा पूर्वी लग्न झालेली, 25 ते 35 वयाची, स्वतःचं मूल असलेली हवी आणि आयुष्यात एकदाच तिने हे करावं. गर्भ गर्भाशयात सोडेपर्यंत तिला माघार घेता येते. ती जवळची नातेवाईकच असावी ही मूळ विधेयकातली अट राज्यसभेच्या प्रवर समितीने काढायला लावली, हे बरं झालं. पण फुकट कोण येणार? नणंद, जाऊ, मावसबहीण. आणि एकत्र कुटुंबात धाकट्या जावेला ‘तू करशील ना एवढं?’ असं सासूने विचारलं, तर त्या जावेला नाही म्हणता येतं का? कागदावर तिची संमती असते. दलालाची जबरदस्ती कायद्याला दिसते, घरातली दिसत नाही.

संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट 2017 च्या 102 व्या अहवालात मधली वाट सुचवली होती: बाईला बुडालेली मजुरी, आहार, समुपदेशन यांची रीतसर भरपाई द्यावी. नफा नको, पण तिला झळ बसू नये. ती सूचना मान्य व्हायला हवी होती आणि अजूनही व्हायला हवी. प्रत्यक्षात विम्याची मुदत 16 महिन्यांवरून 36 महिन्यांवर गेली आणि मजुरीची भरपाई कायद्याबाहेर राहिली. गोदाकाठच्या फडात कोयता चालवणारी एखादी बाई उद्या बहिणीसाठी हे करायला तयार झाली, तर दवाखान्याचा खर्च बहीण देईल, विमाही काढेल. तिचा गळीत हंगाम मात्र पुरता बुडेल, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल तिच्या नवऱ्याच्या नावावर पुढच्या हंगामासाठी तशीच उभी राहील.