मनोरे गेले तरी जागा सांगते

हवाई द्वीपसमूहातलं ओआहू हे बेट मुंबई शहराच्या साधारण अडीचपट. होनोलुलू आणि पर्ल हार्बर इथेच. बेट लहान असूनही रेडिओच्या शंभर वर्षांतली जवळपास प्रत्येक पायरी इथे पाहायला मिळते. जुन्या केंद्रांचा माग काढणाऱ्या हौशी माणसाला इथे एक गोष्ट पटते: रेडिओची जागा योगायोगानं निवडली जात नाही. समुद्र, डोंगर आणि ओल यांनी ती आधीच ठरवलेली असते.

काहुकू आणि कोको हेड : एका केंद्राच्या दोन जागा

बेटाच्या उत्तर टोकाला काहुकू. सपाट किनारा, समोर मोकळा महासागर. मार्कोनी कंपनीनं 1914 मध्ये इथे कॅलिफोर्नियाशी बोलणारं बिनतारी केंद्र सुरू केलं. पण इथे फक्त ट्रान्समीटर होता. रिसीव्हर होता आग्नेय टोकाला, कोको हेडजवळ, पन्नासेक किलोमीटरवर.

कारण सरळ आहे. शेजारी प्रचंड शक्तीचा ट्रान्समीटर गर्जत असताना हजारो किलोमीटरवरून येणारा क्षीण संदेश ऐकू येणं अशक्य. दोन्ही जागा दूर ठेवल्या की पाठवणं आणि ऐकणं एकाच वेळी चालतं. पलीकडे कॅलिफोर्नियातही हीच मांडणी होती: बोलिनासला ट्रान्समीटर, मार्शलला रिसीव्हर. म्हणून एक जागा सापडली की जाणत्यानं तिची जोडीदार शोधायची. काहुकूत ‘मार्कोनी रोड’ हे नाव आजही आहे.

होनोलुलू : करमणूक आणि युद्ध

1922 च्या मे महिन्यात केजीयू केंद्रानं होनोलुलूत प्रसारण सुरू केलं. 1935 पासून ‘हवाई कॉल्स’ हा संगीताचा कार्यक्रम वाइकीकीच्या मोआना हॉटेलमधून लघुलहरींवरून अमेरिकेच्या मुख्य भूमीकडे जाऊ लागला आणि 1975 पर्यंत चालला. लाटांचा आवाज टिपायला मायक्रोफोन थेट पाण्याच्या काठाशी नेत. मंचावर सावली होती ती 1904 मध्ये लावलेल्या वडाची. हा वड आपल्याकडचाच, भारतीय जातीचा, आणि तो अजून उभा आहे.

7 डिसेंबर 1941 ची पहाट मात्र वेगळी होती. कॅलिफोर्नियाहून येणाऱ्या बी-17 विमानांना दिशा मिळावी म्हणून केजीएमबी केंद्र रात्रभर चालू ठेवलं होतं. तेच संगीत पर्ल हार्बरवर चालून येणाऱ्या जपानी हल्लेखोरांच्या दिशाशोधक यंत्रांनीही पकडलं आणि त्याच्या आधारानं ती विमानं ओआहूवर आली. मध्यम लहरींचा मनोरा हा श्रोत्यासाठी आवाज असतो आणि वैमानिकासाठी दीपस्तंभ, मग तो वैमानिक कुणाचाही असो.

हाइकू दरी : डोंगरच मनोरा

पाण्याखालच्या पाणबुडीपर्यंत पोचायला अतिशय कमी कंपनांच्या लहरी लागतात. 20 किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी 15 किलोमीटर भरते. एवढ्या लहरीला पुरेल असा मनोरा उभारणार कसा? अमेरिकी नौदलानं 1942 मध्ये उत्तर डोंगरातच शोधलं. हाइकू दरी तीन बाजूंनी उंच कड्यांनी वेढलेली आहे. या कड्यावरून त्या कड्यावर तारा ताणल्या, तळाशी अलेक्झांडरसन अल्टरनेटर बसवले. म्हणजे फिरत्या यंत्रातून थेट रेडिओलहरी. कामगारांना वर चढता यावं म्हणून कड्याला लाकडी शिड्या लावल्या. पुढे त्यांच्या जागी धातूच्या पायऱ्या आल्या.

नंतर तटरक्षक दलानं तिथे जहाजांना दिशा दाखवणाऱ्या ओमेगा यंत्रणेचं केंद्र चालवलं. उपग्रहांनी दिशा सांगायला सुरुवात केल्यावर 30 सप्टेंबर 1997 रोजी ओमेगा बंद झाली. पायऱ्या 1987 मध्येच लोकांसाठी बंद झाल्या. दरी दुरूनच पाहावी.

शोध घेताना काय पाहावं

• जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवावा. रस्त्यांची नावं आधी वाचावीत.
• मनोरे भंगारात जातात, पण ताणाच्या तारा बांधलेले काँक्रीटचे ठोकळे राहतात. त्यांच्यातल्या अंतरावरून मनोऱ्याच्या उंचीचा अंदाज येतो.
• मध्यम लहरींच्या केंद्राला ओलसर, खारट जमीन मानवते, कारण तिथे अर्थिंग उत्तम मिळतं. दलदल आणि खाडीकाठ आधी धुंडाळावेत.
• बऱ्याच जागा खाजगी किंवा सरकारी आहेत. परवानगीशिवाय शिरू नये, इन्सुलेटर किंवा तांब्याची तार आठवण म्हणून उचलू नये. वस्तू जागेवर असते तेव्हाच ती काही सांगते.

हीच नजर घरीही

1927 मध्ये इंग्लंडशी बोलणारी बीम वायरलेस सेवा सुरू झाली, तेव्हा तिचा ट्रान्समीटर पुण्याजवळ खडकीला होता आणि रिसीव्हर सुमारे पंच्याहत्तर किलोमीटरवर दौंडला. दौंडला ऐकायचं आणि खडकीहून बोलायचं, ही मांडणी कोड्यासारखी वाटते. काहुकू आणि कोको हेड पाहिलेल्याला तिचं कारण विचारावं लागत नाही.