बटाट्यातले सायटोक्रोम

कमला सोहोनी यांची गोष्ट आपल्याकडे एकाच प्रसंगापाशी अडते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. होऊन तेव्हाच्या कमला भागवत बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या. बाई आहे म्हणून तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना नाकारले. त्या हटल्या नाहीत, तेव्हा अटी घालून प्रवेश मिळाला. प्रसंग खरा आहे, संतापजनकही आहे. पण दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण आत गेल्यावर नेमके काय शिकली, हे क्वचितच सांगितले जाते. रसायन आणि जीवशास्त्र यांच्या सीमेवरचा संशोधक कसा घडतो, याचा इतका चोख नमुना दुसरा सापडणे कठीण.

पदवीला त्यांचा मुख्य विषय रसायनशास्त्र. बंगळूरला श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केले. वेगळे करा, शुद्ध करा, मोजा, ही तिथली शिस्त. १९३६ मध्ये एम.एस्सी. झाली आणि पुढे शिष्यवृत्तीवर केंब्रिज.

केंब्रिजचा जीवरसायन विभाग उभा केला होता फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांनी. ते मुळात विश्लेषक रसायनशास्त्रज्ञ, नंतर वैद्यक शिकलेले. १९०१ मध्ये त्यांनी ट्रिप्टोफॅन वेगळे केले आणि जीवनसत्त्वांच्या कामासाठी १९२९ चे नोबेल आइकमन यांच्याबरोबर घेतले. त्यांच्या विभागात मार्जरी स्टीफन्सन जिवाणूंचे रसायन पाहत होत्या, जोसेफ नीडहॅम भ्रूणाचे. ही मंडळी काही वर्षे ‘ब्रायटर बायोकेमिस्ट्री’ नावाचा विनोदी वार्षिकांकही काढत असत, हे दिवाळी अंकात लिहिताना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

इथे कमलाबाईंनी आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर प्राण्यांच्या ऊतींतील, ॲड्रिनलिनवर काम करणारी विकरे अभ्यासली. त्यावरचा निबंध १९३८ मध्ये छापून आला. मग त्या रॉबिन हिल यांच्याकडे गेल्या आणि थेट वनस्पतींकडे वळल्या. पीएच.डी.च्या ऐन मध्यात मार्गदर्शक बदलला आणि सजीवसृष्टीही बदलली! आपल्याकडे असे कोणी मागितले, तर अर्जावर किती सह्या लागतील याचा अंदाज वाचकांनीच करावा. हिल हे रसायन शिकलेले गृहस्थ हिमोग्लोबिनमार्गे वनस्पतींपर्यंत आले होते, आणि हौसेने रंगाच्या वनस्पती लावून त्यांचे रंग काढत.

प्रश्न होता श्वसनाचा. केंब्रिजमध्येच डेव्हिड कायलिन या परोपजीवींच्या अभ्यासकाने १९२५ साली कीटकांचे स्नायू आणि यीस्ट वर्णपटदर्शकातून पाहिले. त्यांना काळे पट्टे दिसले. ऑक्सिजन संपला की पट्टे उमटत, हवा मिळाली की पुसट होत. या द्रव्यांना त्यांनी सायटोक्रोम म्हटले. त्यांतल्या ‘सी’ या घटकातील रंगद्रव्यावर हिल यांनी कायलिन यांच्याबरोबर काम केले होते. म्हणजे कमलाबाईंचे गुरू रसायनाकडून जीवशास्त्राकडे नेणारा पूल आधीच ओलांडून आलेले होते, आणि माझ्या मते अशा प्रशिक्षणात अभ्यासक्रमापेक्षा हीच गोष्ट निर्णायक ठरते.

वनस्पतींत हे शोधणे सोपे नव्हते. हिरव्या पानात हरितद्रव्याचा रंग आड येतो. बटाटा हिरवा नसतो, पण चिरला की काळा पडतो, कारण त्याची स्वतःची विकरे कामाला लागतात. शिवाय सायटोक्रोम सी पाण्यात विरघळते, तर त्याचे ऑक्सिडीकरण करणारे विकर पेशीतल्या सूक्ष्म कणांना चिकटलेले असते. रसायनाचा हात म्हणतो, सगळे गाळून शुद्ध करा. इथे तसे केले तर विकर गाळात जाते आणि हातात निर्जीव द्रावण उरते. ऊती किती ताजी हवी, कुठे थांबायचे, कोणता गाळ फेकायचा नाही, हे पेशीची जाण असलेल्यालाच कळते. ते पुस्तकातून येत नाही, शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडून येते. १९३९ मध्ये हिल आणि भागवत यांनी सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवर ‘नेचर’मध्ये टिपण छापले. त्याच वर्षी पीएच.डी. मिळाली; प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा असल्याचे सांगतात.

हॉपकिन्स यांच्या विभागात जे सहज घडले, त्याची अमेरिकेने पुढे योजना केली. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या एका शाखेकडून ‘केमिस्ट्री-बायॉलॉजी इंटरफेस’ नावाने विद्यापीठांना प्रशिक्षण अनुदान मिळते. रसायनाच्या विद्यार्थ्याने काही काळ जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करायचे, आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने उलट. शिवाय उद्योगात उमेदवारीचीही संधी. २०२२ च्या नोबेल विजेत्या कॅरोलिन बर्टोझी कार्बनी रसायनात पीएच.डी. करून मुद्दाम पेशींच्या प्रयोगशाळेत शिकायला गेल्या होत्या.

आपल्याकडे अडचण फार आधी सुरू होते. बारावीला पीसीएम की पीसीबी, आणि संशोधनवृत्तीच्या नेट परीक्षेत रसायन आणि जीवविज्ञान यांच्या वेगळ्या प्रश्नपत्रिका. पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि २००६ ची आयसर शेजारी आहेत, हे चांगलेच. पण भिंत जवळ असली म्हणून दार आपोआप उघडत नाही.

कमलाबाई स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. तिथे विद्यार्थ्यांच्या हाती त्यांनी नीरा, गूळ, डाळी अशा वस्तू दिल्या. १९५५ साली वालातून आणि डबल बीनमधून ट्रिप्सिनला रोखणारी प्रथिने स्फटिकरूपात मिळाल्याचे त्यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये जाहीर केले. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यातले प्रथिने पचवणारे विकर. स्फटिक मिळवणे हे बंगळूरचे शिक्षण. ते मिळाल्यावर वाल खाणाऱ्याच्या पोटात काय होते हे विचारणे केंब्रिजचे.