क्लोन नीट झाला, तरी संगणक सुरू का होत नाही?

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाचे साउदर्न क्वीन्सलँड विद्यापीठ दूरशिक्षणासाठी ओळखले जाते. तिथे शिकणाऱ्या एखाद्या मराठी विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही असतील, तर तो लॅपटॉप बंद पडला की त्याचा वर्गही बंद पडतो. डिस्क भरली म्हणून मोठी एसएसडी आणली, जुनी डिस्क तिच्यावर क्लोन केली आणि सुरू करताच बूट करण्याजोगी डिस्क सापडत नसल्याचा संदेश आला, की सल्ले सुरू होतात: क्लोन फसला, पुन्हा करा, नाहीतर सगळे पुसून नव्याने इन्स्टॉल करा. या सल्ल्यांमागचे निदानच बहुतेक वेळा चुकीचे असते. फाइली नव्या डिस्कवर व्यवस्थित पोहोचलेल्या असतात. संगणक सुरू होताना एकाकडून दुसऱ्याकडे जे पत्ते दिले जातात, त्यांपैकी एखादा जुना राहिलेला असतो.

गैरसमज १: क्लोन केला की सगळे आले. जुन्या बायोस पद्धतीत ही समजूत बरीचशी खरी होती, कारण सुरुवातीचा बूट कोड डिस्कच्याच ५१२ बाइटच्या पहिल्या सेक्टरमध्ये असे आणि पूर्ण डिस्कच्या क्लोनबरोबर तोही येई. बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआय पद्धतीत मात्र बूट एंट्री मदरबोर्डवरच्या, वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत असतात. कोणत्या पार्टिशनमधली कोणती फाइल चालवायची, हे त्या एंट्रीत लिहिलेले असते आणि पार्टिशनची ओळख त्याच्या जीयूआयडी क्रमांकावरून पटते. क्लोन करताना नव्या पार्टिशनला वेगळा क्रमांक मिळाला, तर जुनी एंट्री निरुपयोगी होते. यावर कोणी म्हणेल, आमचा क्लोन तर लगेच सुरू झाला. तसे होऊ शकते. हुबेहूब प्रत काढली तर क्रमांकही तसेच उतरतात. शिवाय एंट्री न सापडल्यास यूईएफआय एका ठरलेल्या जागी राखीव बूट फाइल शोधते. पण तिथे एकच फाइल मावते, त्यामुळे दोनपैकी एक प्रणाली उघडते आणि दुसरी हरवल्यासारखी वाटते. विंडोजची एंट्री रिकव्हरी यूएसबीवरून ‘बीसीडीबूट’ने आणि उबुंटूची लाइव्ह यूएसबीवरून ‘ईएफआयबूटएमजीआर’ने पुन्हा घालता येते.

गैरसमज २: जुनी डिस्क जोडलेली असलेली बरी. सावधगिरीपोटी केलेली ही गोष्टच गोंधळ वाढवते. उबुंटू आपले पार्टिशन यूयूआयडी या ओळखक्रमांकावरून शोधते आणि हुबेहूब क्लोननंतर तोच यूयूआयडी दोन डिस्कवर असतो. कोणती डिस्क आधी हाती लागेल याची खात्री नसल्याने, आपण नव्या एसएसडीवर काम करतोय असे वाटत असताना फाइली जुन्या डिस्कवर साठत राहू शकतात. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी; ती सुस्थितीत बाजूला असणे हाच खरा बॅकअप. मग यूयूआयडी बदलून टाकले तर? दुहेरी ओळख टळेल, पण उबुंटूच्या ग्रब या बूटलोडरच्या मांडणीत आणि कोणते पार्टिशन कुठे जोडायचे हे सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये जुनेच क्रमांक राहतील. बदल करायचा तर या दोन्ही जागीही करावा लागतो.

गैरसमज ३: ग्रबच्या यादीत विंडोज नाही, म्हणजे विंडोज उडाले. ग्रबची यादी म्हणजे डिस्कवरच्या प्रणालींची हजेरी नव्हे. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून इतर प्रणाली शोधणारे ‘ओएस-प्रोबर’ सुरक्षेच्या कारणास्तव मुळातच बंद ठेवलेले असते. यादी नव्याने तयार झाली की विंडोज त्यातून गळू शकते, पण यूईएफआयच्या बूट मेनूतून ते सुरू होत असेल तर ते शाबूत आहे. ‘ओएस-प्रोबर’ला मुभा देऊन ‘अपडेट-ग्रब’ चालवले की नाव सहसा परत येते. विंडोजमधल्या बिटलॉकर या डिस्क-एन्क्रिप्शनने रिकव्हरी की मागितली तरी डिस्क बिघडली असे नाही: बूटची वाट बदलल्याचे टीपीएम या सुरक्षा चिपच्या लक्षात आलेले असते. म्हणून ती ४८ अंकी की क्लोन करण्याआधीच दुसरीकडे लिहून ठेवावी.

नव्याने इन्स्टॉल करणे सोपे, हा आक्षेप तरीही उरतो. रिकाम्या संगणकासाठी तो मान्य. पण दोन्ही प्रणालींतले प्रोग्राम, परवाने आणि सेटिंग पुन्हा बसवण्यात जाणारा वेळ पाहता, आधी चूक शोधण्यातच शहाणपण आहे. जुनी डिस्क काढा, यूईएफआयच्या बूट मेनूत काय दिसते ते पाहा, मग डिस्कवरचे ईएफआय पार्टिशन तपासा आणि शेवटी ग्रबकडे वळा. प्रणाली ज्या टप्प्यावर अडते, तेवढाच टप्पा दुरुस्त करा. तोवर जुन्या डिस्कला फॉरमॅट करू नका.