मदतीला धावताना स्वतःलाही जपा

सकाळी फिरायला निघालेल्या एखाद्या भगिनीच्या गळ्यातील मंगळसूत्र मोटारसायकलस्वार हिसकावतो, बसथांब्यावर कोणी एखाद्या मुलीची छेड काढतो. अशा वेळी साठी ओलांडलेल्या माणसाचेही पाऊल आपोआप पुढे पडते. ही वृत्ती आपण जपलीच पाहिजे. मात्र मदत करणारा स्वतः जखमी झाला, तर संकटात सापडलेल्याचा आधारही जातो. म्हणून आपल्या वयाला झेपेल असा मदतीचा मार्ग आधीच ठरवून ठेवावा.

ऑक्टोबर 2011 मध्ये मुंबईत अंधेरीच्या आंबोली भागात मैत्रिणींची छेड काढणाऱ्यास दोन तरुणांनी हटकले. तो निघून गेला. परंतु थोड्याच वेळात साथीदार आणि शस्त्रे घेऊन परतला. त्या हल्ल्यात दोन्ही तरुणांना प्राण गमवावे लागले. 2016 मध्ये चौघांना जन्मठेप झाली. या घटनेतून एक गोष्ट मनात ठेवावी : वाद मिटल्यासारखा दिसला, तरी धोका टळलेला नसतो. पीडित व्यक्तीला घेऊन त्या जागेवरून लगेच निघावे आणि पोलिसांना कळवावे.

आपले शरीर काय सांगते?

उतारवयात हाडे ठिसूळ होतात. साध्या धक्क्याने पडूनही खुबा मोडू शकतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर किरकोळ माराचा रक्तस्रावही लवकर थांबत नाही. भीती आणि संताप यांनी नाडी व रक्तदाब एकाएकी वाढतात. म्हणून झटापटीत उतरणे आणि चोरामागे धावणे या दोन गोष्टी टाळाव्यात. दागिना पुन्हा घडवता येतो.

मग करावे काय?

प्रथम चार पावले दूर राहून पाहावे. किती जण आहेत, हातात शस्त्र आहे का, आपल्याला मागे सरकायला वाट आहे का, हे ध्यानात घ्यावे. लगेच 112 क्रमांक लावावा आणि सर्वांत आधी ठिकाण सांगावे : रस्ता, चौक, जवळचे दुकान किंवा देऊळ.

नंतर इतरांना हाक द्यावी. पण "कोणीतरी या हो" असे म्हणू नये. डार्ली आणि लटाने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. शेजारच्या खोलीतील माणसाला झटका आल्याचे आवाज ऐकवले असता, आपण एकटेच ऐकत आहोत असे वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के लोक तो झटका संपण्यापूर्वी मदतीला निघाले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांत हे प्रमाण 31 टक्के होते. गर्दीत प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी जाईल. म्हणून नेमक्या माणसाला सांगावे : "निळा शर्टवाले दादा, तुम्ही इकडे या. ताई, तुम्ही वॉचमनला बोलवा."

छेडछाड चालू असेल, तर गुंडाशी हुज्जत न घालता मुलीशी बोलावे. "अगं, तू इथे कशी? चल, आई वाट बघतेय," असे ओळखीचे बोलून तिला दुकानात किंवा माणसांत न्यावे. शस्त्र दिसले, तर मात्र जवळ जाऊ नये. गाडीचा क्रमांक, कपडे आणि पळाल्याची दिशा लिहून ठेवावी. चित्रफीत घेतली असेल, तर ती समाजमाध्यमांवर न पसरवता पोलिसांना द्यावी.

कायद्याचा आधार

भारतीय न्याय संहितेनुसार दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचाही हक्क आपल्याला आहे; बळ मात्र गरजेपुरतेच वापरावे लागते. साक्ष द्यायची म्हणजे ठाण्यात खेटे घालावे लागतील, या धास्तीने अनेक ज्येष्ठ गप्प राहतात. परंतु भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 नुसार, तपासासाठी साठ वर्षांवरील पुरुषांना, कोणत्याही वयाच्या स्त्रियांना, दिव्यांगांना आणि तीव्र आजारी व्यक्तींना ते राहतात त्या ठिकाणाखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही.

घटनेनंतर

शांत जागी बसावे, पाणी प्यावे. छातीत दुखणे, दरदरून घाम, धाप लागणे, तोंड वाकडे होणे किंवा हातातील शक्ती जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरे वाटत असले तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. आतला रक्तस्राव काही तासांनीही उघड होऊ शकतो.

घरच्यांनो, "कशाला नसत्या भानगडीत पडलात?" असे बोलून त्यांना दुखवू नका. त्यांचे म्हणणे शांतपणे ऐका. पुढे झोप उडाली, बाहेर पडायची भीती बसली आणि ती ओसरेना, तर डॉक्टरांचा सल्ला घ्या. आणि आजच त्यांच्या फोनमध्ये आपत्कालीन कॉलची सोय लावून द्या. ती त्यांच्याकडून दोनदा करवून घ्या, म्हणजे गडबडीच्या वेळी बोटे चुकणार नाहीत.