'मॅस', 'मिस्सा' आणि 'मेस'

धर्मग्रामातील इंग्रजी सूचना वाचताना आपल्यापैकी काही जण 'मॅस' हा शब्द 'मेस' असा, तर काही जण 'मास' असा उच्चारतात. त्यावर हसण्यापेक्षा या शब्दाचे कूळ पाहणे आम्हांस अधिक उद्बोधक वाटते.

'बॅट' या शब्दातील स्वर घेऊन 'मॅस' म्हणावे, हा त्याचा प्रचलित उच्चार होय. 'ख्रिसमस' म्हणजे मुळात 'ख्रिस्ताची मिस्सा'. तेथे मात्र शेवटचा स्वर आखूड होतो आणि लिहिलेला 'ट' उच्चारला जात नाही.

रोमन उपासनेच्या शेवटी भाविकांना लॅटिनमध्ये 'इते, मिस्सा एस्त' असे सांगत. 'जा, पाठवणी झाली आहे', असा त्याचा आशय. 'मित्तेरे' म्हणजे पाठविणे. त्यापासून 'मिस्सा' हा शब्द झाला. निरोपाचा हा शब्दच पुढे संपूर्ण उपासनेचे नाव बनला. जुन्या इंग्रजीत त्याचे 'मॅसे' झाले. आपल्याकडे तो १६व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आला आणि मराठीत 'मिस्सा' म्हणून रुळला. 'मिशन' आणि 'मेसेज' ही याच धातूची अपत्ये.

मग विद्यार्थ्यांची 'मेस'? तीही याच घराण्यातील! मेजावर पाठविलेले, म्हणजेच मांडलेले, ते 'मिस्सुम'. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये वाढलेल्या अन्नासाठी शब्द आला आणि तेथून तो इंग्रजीत शिरला.

याउलट, विज्ञानातील 'मॅस' म्हणजे वस्तुमान. त्याचे स्पेलिंग व उच्चार तेच असले तरी नाते काहीच नाही. जवाच्या पिठाच्या भाकरीला ग्रीक लोक जे नाव देत, त्यावरून लॅटिनमध्ये 'मास्सा', म्हणजे मळलेला गोळा, हा शब्द आला. लोकसमूह या अर्थाचा 'मास'ही त्याच गोळ्यातला.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ साली 'साक्रामेंतुम कारितातिस' या पत्रात या निरोपाकडे लक्ष वेधले होते. ख्रिस्ती परंपरेत या निरोपाला हळूहळू प्रेषितकार्याचा सखोल अर्थ लाभला, असे त्यांनी दाखवून दिले.

उच्चार चुकला तर तो सुधारता येईल. परंतु अंतिम आशीर्वादापूर्वीच आपली पावले वाहनाकडे वळत असतील, तर शब्दाचा गाभाच आपल्या हातून निसटतो. कारण मिस्सा 'संपते' तेव्हा आपल्याला घरी सोडले जात नाही. आपल्याला जगात पाठविले जाते.