मोबदलाधारित सामाजिक ब्लॉग-मंचांवरील नवागतांची निराशा

मोबदलाधारित सामाजिक ब्लॉग-मंच म्हणजे सदस्यांच्या लेखनाला इतर सदस्यांनी दिलेल्या मतांनुसार चलनी मोबदला देणारी संकेतस्थळे होत. २०१६ मध्ये सुरू झालेले स्टीमिट हे या प्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण असून, २०२० मध्ये त्याच्या ब्लॉकचेनमधून हाइव्ह ही स्वतंत्र शाखा फुटली. या मंचांवर उत्साहाने आलेले अनेक सदस्य थोड्याच आठवड्यांत लेखन थांबवतात. नवागतांना चिकाटी नसते किंवा त्यांचे लेखन कच्चे असते, असे स्पष्टीकरण जुने सदस्य अनेकदा देतात. ते अपुरे आहे. निराशेची मुख्य कारणे मोबदला वाटण्याच्या रचनेतच सापडतात.

== मोबदल्याची रचना ==

स्टीम ही ब्लॉकचेन नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी मार्च २०१६ मध्ये सुरू केली. तिच्यात ठरावीक गतीने नवे कूटचलन निर्माण होते आणि त्याचा एक भाग लेखकांसाठीच्या सामायिक निधीत जमा होतो. वाचकाच्या खिशातून काहीच जात नाही. तो मत देतो, म्हणजे या निधीतील वाटा कोणाकडे जावा याचा कौल देतो. लेख प्रसिद्ध झाल्यापासून सात दिवसांनी हिशोब होऊन मोबदला लेखकाच्या खात्यावर पडतो.

येथपर्यंत व्यवस्था सोपी आणि न्याय्य भासते. परंतु ‘एक सदस्य, एक मत’ हे तत्त्व तिच्यात नाही. प्रत्येक मताचे वजन त्या सदस्याने गुंतवून ठेवलेल्या चलनाच्या प्रमाणात ठरते. एका सदस्याकडे १,००,००० एकके आणि दुसऱ्याकडे १० एकके असतील, तर पहिल्याचे एक मत दुसऱ्यासारख्या १०,००० सदस्यांच्या मतांइतके भरते. प्रारंभीच्या काळात तर मोबदला मतांच्या एकूण वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात दिला जाई, म्हणजे दुप्पट वजनाला चौपट मोबदला. जून २०१७ मधील बदलानंतर हे प्रमाण सरळ झाले, तरी मताचे वजन भांडवलावरच अवलंबून राहिले.

याचा नवागतावर होणारा परिणाम पाहण्याजोगा आहे. त्याच्या पहिल्या लेखाला वीस जणांनी मनापासून मत दिले, पण ते वीसही जण त्याच्यासारखेच नवे असले, तर मोबदल्याच्या जागी शून्य दिसू शकते. स्टीमवर ०.०२ डॉलरपेक्षा कमी भरणारी रक्कम दिलीच जात नाही. शेजारी एखाद्या जुन्या सदस्याने टाकलेल्या दोन ओळींच्या छायाचित्र-नोंदीला मात्र एका बड्या मतामुळे कित्येक डॉलर मिळालेले असतात. दोन्ही आकडे एकाच पानावर, सर्वांसमक्ष असतात. वर्तमानपत्राकडून लेख साभार परत आला तर ते लेखक आणि संपादक यांच्यातच राहते. येथे लेखाची किंमत लेखाखालीच छापलेली असते, आणि ती वाचणाऱ्याला किंमत म्हणून नव्हे, गुणांकन म्हणून जाणवते.

== अपेक्षेची उंची ==

मोबदल्याचे पहिले वाटप ४ जुलै २०१६ रोजी झाले. त्या महिन्यात चलनाचा भाव झपाट्याने चढला आणि काही साध्या लेखांसमोर हजारो डॉलरचे आकडे झळकले. ‘लिहा आणि कमवा’ ही या मंचांची ख्याती त्या उन्हाळ्यातील आहे. जानेवारी २०१८ च्या प्रारंभी चलनाचा भाव आठ डॉलरच्या वर गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो अर्ध्या डॉलरच्याही खाली आला. जाहिरात मात्र जुन्याच आकड्यांची होत राहिली. नवा सदस्य येतो तो २०१६ च्या कथा ऐकून, आणि त्याला मिळतो तो त्या दिवसाचा भाव.

यात काळाचा आणखी एक भेद आहे. सुरुवातीला आलेल्यांनी स्वस्तात चलन जमवले, त्यामुळे त्यांच्या मतांना वजन आले. त्या वजनातून मोबदला आणि मोबदल्यातून पुन्हा वजन वाढले. ज्याच्याकडे आहे त्यालाच अधिक मिळत जाते, या घटनेला समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये विज्ञानक्षेत्राच्या संदर्भात ‘मॅथ्यू परिणाम’ असे नाव दिले होते. या मंचांवर तो परिणाम सूत्ररूपानेच लिहून ठेवलेला आहे.

== न वाचता दिलेली मते ==

मत देणाऱ्यालाही मोबदल्याचा हिस्सा मिळतो. पूर्वी तो साधारण चतुर्थांश होता. ऑगस्ट २०१९ मध्ये लेखक आणि मतदाते यांच्यात निम्मेनिम्मे वाटप करण्यात आले. त्यामुळे ज्या लेखावर पुढे मोठी मते पडण्याची शक्यता आहे, त्यावर मत देणे फायद्याचे ठरते. अशी शक्यता नामवंत लेखकांच्या बाबतीत अधिक असते. परिणामी ठरावीक लेखकांना आपोआप मत देणारी साधने रूढ झाली. लेख प्रसिद्ध होताच काही मिनिटांत त्यावर शेकडो मते पडतात आणि वाचकांची नोंद मात्र नगण्य असते. शिवाय भाडे घेऊन मत देणाऱ्या स्वयंचलित खात्यांचा धंदा २०१७ ते २०१९ या काळात भरास आला होता. ‘चांगले लिहा, लोक ओळखतील’ हा सल्ला अशा ठिकाणी निम्माच खरा उरतो.

२०१९ च्या त्याच बदलात, गैरवापर रोखण्यासाठी, विरोधी मत देणे जवळजवळ फुकट करण्यात आले. भाड्याच्या मतांना त्याने आळा बसला. मात्र मोठ्या वजनाच्या सदस्यांतील भांडणात नवख्याचा लेख सापडला, तर त्याचा जेमतेम जमलेला मोबदला कोणत्याही खुलाशाविना नाहीसा होऊ शकतो.

लोकप्रियतेचे आकडे दिसत असतील तर निवड कशी बदलते, याचा एक गाजलेला प्रयोग मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. १४,००० हून अधिक लोकांना अपरिचित गायकवृंदांची ४८ गाणी ऐकवण्यात आली. इतरांनी काय निवडले हे ज्यांना दिसत होते, त्या गटांत यशाची विषमता वाढली, आणि कोणते गाणे वर जाईल हेही अधिक अनिश्चित झाले. अत्युत्तम गाणी सहसा अगदी तळाला गेली नाहीत, अत्यंत सुमार गाणी सहसा अग्रस्थानी आली नाहीत; मधल्या सर्वांचे भवितव्य मात्र बरेचसे योगायोगावर राहिले. बहुतेक नवे लेखक या मधल्या पट्ट्यातच असतात.

== छंद आणि मोबदला ==

१९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळेल असे ज्यांना आधी सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळेत इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. बाह्य बक्षिसाने आतली ओढ झाकोळते, असा त्याचा अर्थ लावला जातो. ब्लॉग-मंचांवरील नवागताची अवस्था याहून अवघड असते, कारण त्याला बक्षिसाचे आश्वासन मिळते आणि बक्षीस बहुधा मिळत नाही. रोजनिशी लिहिणाऱ्याला आपल्या लेखाची किंमत दोन पैसे आहे असे कधी वाटलेले नसते. तो आकडा एकदा दिसला की विसरणे कठीण जाते.

मायबोलीसारख्या १९९६ पासून चालत आलेल्या मराठी संकेतस्थळावर किंवा २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर लेखनाचे पैसे मिळत नाहीत. तेथेही नवागत नाराज होतात. लेख वगळला जाणे, जुन्या सदस्यांचा तुटक सूर ही तेथील कारणे. परंतु तेथे एखादा मनापासून दिलेला प्रतिसाद पुरेसे समाधान देऊन जातो. मोबदल्याच्या मंचावर त्याच प्रतिसादामागे ‘माझ्याही लेखाला मत द्या’ ही विनंती तर नाही ना, अशी शंका येते, आणि ती पुष्कळदा खरी ठरते.

== भाषा आणि प्रदेश ==

भांडवल ज्यांच्या हाती आहे ते ज्या भाषा वाचतात, त्याच भाषांतील लेखन मोबदल्यास पात्र ठरते. आणि ती मुख्यतः इंग्रजी असते. गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडवा येथील एखाद्या विद्यार्थ्याने पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांविषयी, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘मामा तलावां’विषयी, अथवा जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांत वावरणाऱ्या सारस पक्ष्यांविषयी मराठीत लिहिले, असे समजू. माहिती त्याच्या डोळ्यांसमोरची, म्हणून दुर्मीळ. तथापि ज्याच्या मताला वजन आहे त्याला ती वाचता येत नाही, आणि ज्यांना वाचता येते त्या त्याच्या वर्गमित्रांचे तेथे खातेही नसते. मग तो दोन मार्गांपैकी एक धरतो: मोडक्या इंग्रजीत कूटचलनाच्या भावाविषयी लिहू लागतो, किंवा लिहिणे सोडतो. त्याने झाडीबोलीत किंवा पोवारीत लिहायचे म्हटले, तर हा प्रश्नच उरत नाही. मराठीला यात होणारा तोटा पैशात मोजता येणारा नाही.

भारतीय सदस्यांपुढे काही खास अडचणीही आल्या. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना कूटचलनाच्या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले; सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी तो आदेश रद्द केला. मधल्या सुमारे दोन वर्षांत मिळालेल्या मोबदल्याचे रुपये करणे दुष्कर होते. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या उत्पन्नावर ३० टक्के कर लागू झाला असून, एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही. त्याखेरीज गुंतवून ठेवलेला मोबदला एकदम काढता येत नाही: आरंभी तो १०४ आठवड्यांच्या हप्त्यांत परत मिळे, पुढे ही मुदत १३ आठवड्यांवर आली.

== मराठीतील एक जुना दाखला ==

लेखनाला बक्षीस देणारी संस्था आणि नवा लेखक यांच्यातील विसंगती मराठीला नवी नाही. पेशवाईतील दक्षिणेच्या निधीचा काही भाग पुढे इंग्रजी अमदानीत मराठी ग्रंथनिर्मितीच्या पारितोषिकांसाठी वळवण्यात आला आणि त्यासाठी पुण्यात दक्षिणा प्राइझ कमिटी काम करू लागली. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून या कमिटीकडे पाठवले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही आणि नाटक नाकारले गेले, असे फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथात नमूद केले आहे. नाटक छापून येण्यास १९७९ उजाडावे लागले. कमिटीतील मताचे वजन पैशाने ठरत नव्हते, तरी ज्या समाजस्तराविषयी आणि ज्याच्यासाठी ते नाटक होते, त्याचे मत तेथे मोजलेच जात नव्हते. फुले लिहीत राहिले. त्या काळी कमिटीचा नकार पाहून लेखणी खाली ठेवणारे किती होते, हे कळण्यास मार्ग नाही.

== उपाययोजना ==

नवागतांना टिकवण्याचे प्रयत्न मंचांवर झाले आहेत. २०१६ पासून क्युरी या स्वयंसेवी गटाने दुर्लक्षित नवे लेखक शोधून त्यांना वजनदार मत मिळवून देण्याचा उपक्रम चालवला. २०१७ पासून आपले भांडवल न गमावता त्याचे मतदानबळ दुसऱ्या खात्याला उसने देण्याची सोय झाली आणि विविध भाषांतील गटांना तिचा उपयोग झाला. उलट सप्टेंबर २०१८ मधील तांत्रिक बदलाने कमी भांडवलाच्या सदस्यांना दिवसाकाठी मोजक्याच प्रतिक्रिया लिहिता येऊ लागल्या. तक्रारींनंतर ही मर्यादा सैल करण्यात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टीमिट कंपनीने सुमारे ७० टक्के कर्मचारी कमी केले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ती ट्रॉनच्या जस्टिन सन यांच्याकडे गेली. या विक्रीला विरोध करणाऱ्यांनी २० मार्च २०२० रोजी हाइव्ह सुरू केली. जुन्या खात्यांतील शिल्लक, ठरावीक अपवाद वगळता, तिच्यात जशीच्या तशी उतरवण्यात आली. त्यामुळे मतांच्या वजनाची जुनी उतरंडही बहुतांशी नव्या ठिकाणी कायम राहिली.