हात लागलेले प्यादे

नाशिकचा विदित गुजराथी २०१३ साली ग्रँडमास्टर झाला. २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघातही तो होता. जिल्ह्यात बुद्धिबळाला प्रतिष्ठा आली ती अशा यशामुळे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु हा खेळ जिवंत राहतो तो सामान्य खेळाडूंच्या पटांवर. एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात असाच एक डाव मध्यंतरी प्रस्तुत लेखकाने पाहिला. तेथील १४० मेगावॉटचे पहिले दोन संच केव्हाच बंद झाले. पट मांडणारे मात्र अजून आहेत.

एका बाजूस तंत्रज्ञ, दुसऱ्या बाजूस लिपिक. स्थानिक स्पर्धेतील शेवटची फेरी. जिंकल्यास लिपिक पहिला येणार होता. पहिल्या तीसेक चालींविषयी मौन पाळणेच बरे, कारण दोघांनीही एकेक मोहरे फुकट घालविले! अखेरीस पटावर दोन राजे आणि लिपिकाचे एक पांढरे प्यादे एवढेच उरले. अशा वेळी आपला राजा प्याद्याच्या पुढे, सहाव्या ओळीत नेला की काळ्या राजाची वाट अडते आणि प्याद्याचा वजीर होणे टळत नाही. प्यादेच आधी सरकविले, तर काळा राजा नेमका समोर येऊन उभा राहतो आणि डाव बरोबरीत सुटतो. लिपिकाला हे ठाऊक होते. परंतु घड्याळात मिनिटभरच उरले होते. घाईने त्याने प्यादे बोटांत धरले आणि त्याच क्षणी त्याला चूक उमगली.

हात लावलेले मोहरे हलविलेच पाहिजे, असा नियम आहे. पण त्या वेळी तंत्रज्ञ पाणी घेण्यासाठी पाठमोरा झाला होता आणि पंच दुसऱ्या पटापाशी होते. मी पाहिले होते. मात्र प्रेक्षकाने बोलू नये, हाही संकेतच. करार पाळले जातात ते दंडाच्या धाकाने, असे आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. येथे दंड करणारे कोणी नव्हते आणि लाभ तर उघड होता. खरे सांगावयाचे तर, त्याने प्यादे सोडून राजा उचलावा असे मलाही क्षणभर वाटून गेले.

तंत्रज्ञ परतला. "प्याद्याला हात लागला आहे," असे म्हणून लिपिकाने ते एक घर पुढे सरकविले. पुढच्या सात-आठ चालींत काळ्या राजाची कोंडी झाली आणि डाव बरोबरीत सुटला. अर्ध्या गुणाने लिपिकाचा पहिला क्रमांक हुकला.

तंत्रज्ञाने पटाकडे एकवार पाहिले आणि सोंगट्या पुन्हा मांडावयास घेतल्या. या वेळी पांढरी त्याच्याकडे होती.